नरसय्याची तिरकी खुर्ची

नरसय्या,

तुझी खुर्ची मी अजून सरळ केलेली नाही. गेली चार वर्षं दर रविवारी मी ती सरळ करून ठेवायचो, स्पीकरच्या दोन्ही खोक्यांच्या बरोबर मधे. आणि तू आलास की बसायच्या आधी तिला एक हिसडा द्यायचास आणि माझ्याकडे तोंड करून तिरका बसायचास. मी म्हणायचो, "अरे, हा स्टीरिओ आहे. निम्मा आवाज डावीकडून येतो, निम्मा उजवीकडून. समोर तोंड करून ऐकायचा असतो." तू म्हणायचास, "तू ऐक की समोर तोंड करून. मला असंच बरं वाटतंय." चार वर्षं हा वाद चालला, आणि शेवटी तो माझ्याच बाजूनं सुटणार याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. आता खुर्ची सरळ करायला कोणाची हरकत नाही, तर माझा हात होत नाही.

तुझा दहावा होऊन आज आठवडा झाला. त्या दिवसासाठी कोर्टात रजा मागितली, तर शिरस्तेदारांनी विचारलं, "गेलेले आपले कोण लागत होते?" काय सांगणार? चौथीपर्यंत एका बाकावर बसलेला माणूस कोण लागतो, याला अर्जात रकाना नसतो. मी 'घरगुती काम' असं लिहून सही केली, आणि सही करताना मनातल्या मनात तुझी माफी मागितली. माफीचाच विषय आहे या लिहिण्याचा. पण तो एकदम सांगता येत नाही. आधी सेटचं सांगावं लागेल, कारण आपल्यातलं सगळं त्या सेटभोवतीच घडलं.

आई गेली ते वर्ष तुला आठवत असेल. दुष्काळ नुकताच सरला होता. शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. लग्नाचं आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहूनच गेलं होतं, आणि आई होती तोवर ते जाणवलंही नव्हतं. संध्याकाळी कोर्टातून यायचं, कुलूप काढायचं, दिवा लावायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं. घरात कुणीतरी बोलावं, निदान गावं, म्हणून मी मुंबईहून तो स्टीरिओ मागवला. ट्रान्झिस्टरचा, नवाकोरा, चकचकीत पत्र्याचं तोंड, दोन बाजूंना दोन खोकी. गल्लीतली माणसं बघून गेली, सगळ्यांना मी चहा पाजला. सगळे गेल्यावर सारंगीची रेकॉर्ड लावली आणि पाचव्या मिनिटाला माझ्या दातांत कळ उठली.

खोटं नाही सांगत. स्टीलच्या ताटावर कुणी चमचा ओढावा तसा वरचा प्रत्येक सूर अंगावर यायचा. आवाज बारीक केला तरी टोचायचा, मोठा केला तर सोसवायचा नाही. वीस मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. हौसेनं आणलेली, चारचौघांत मिरवलेली वस्तू. आता कुणाला सांगणार की ही मला ऐकवत नाही म्हणून? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आठवडाभर मी तो रोज लावून बसलो, सवय होईल म्हणून. झाली नाही. सोबतीला आणलेला सेट मलाच घराबाहेर घालवायला लागला. दोन संध्याकाळी तर मी तो बंद करून नुसता सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलो.

रविवारी तू आलास, तुझ्या अंबुबाईंनी दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन. सेट बघितलास, थोडा वेळ ऐकलास आणि तुझ्या मागाच्या कारखान्यात ओरडावं तसा ओरडलास, "लई भारी हाय की बे!"

मी उसळलो. "भारी? तुला हे भारी वाटतंय? कान आहेत का काय आहे?"

तू हसलास. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "तुला आवडंना झालंय."

"तसं काही नाही."

"कपाळ बघ की तुझं. गणिताचा पेपर अवघड गेला की असंच करायचास." आणि लगेच, "बदलू की मग. त्यात काय एवढं?"

ज्या गोष्टीची लाज मी आठवडाभर पोटात घेऊन फिरत होतो ती तू अशी दोन शब्दांत सोपी करून टाकलीस. त्या दिवशी तू आला नसतास तर तो सेट मी खाटेखाली ढकलला असता आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसलो असतो. याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. मी तेव्हा काय म्हणालो? "बघू." हे 'बघू' मी जन्मभर तुझ्या तोंडावर फेकत आलो.

करीमभाईंना तूच शोधून काढलंस. जुने रेडिओ, जुनी यंत्रं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा विकायची, असं त्यांचं एका खिडकीचं दुकान. तुझ्या सायकलवर मागं बसून मी तिथं गेलो. माझी तक्रार त्यांनी डॉक्टरसारखी ऐकून घेतली आणि म्हणाले, "नया माल आवाज देता नै साब, आवाज छीलता. पुराना लेव. पुराने में नरमी रहती." मी तेवढ्यावरच सगळं जुनं घ्यायला निघालो. प्लेअर, ॲम्प्लिफायर, सुई, जे असेल ते. माझा हात धरून तू म्हणालास, "एका वेळी एकच."

"का?"

"नक्षी बिघडली म्हणून आमी सगळे धागे उपसत न्हाई बे. एक बदलायचा, चार बोटं विणून बघायचं, मग दुसरा. सगळं एकदम बदललं तर चूक कुटं होती ते कळतच न्हाई."

"बराबर बोले," करीमभाई म्हणाले. आणि मग तसंच ठरलं. आधी प्लेअर, मग ॲम्प्लिफायर, सगळ्यात शेवटी सुई. दर वेळी एकच सारंगीची रेकॉर्ड लावायची आणि महिनाभर तीच ऐकायची. विणकराच्या रीतीनं स्टीरिओ दुरुस्त करणारे सोलापुरात आपण दोघंच असू.

करीमभाईंनी टेबलावर तीन जुने प्लेअर मांडले. पहिला देखणा, सागवानी पेटी, पितळी बटणं. दुसरा असातसाच. तिसरा कुठल्याशा मिलच्या साहेबानं बदलीच्या वेळी विकायला काढलेला. कोपरा उडालेला, रंग गेलेला, थाळी मात्र पोलपाटासारखी जाड. मी डोळे मिटून, मान कलती करून ऐकायला बसलो. कोर्टात सव्वीस वर्षं स्टेनो आहे मी. साहेबांच्या तोंडातला, अर्धा गिळलेला, पान चघळत उच्चारलेला एकूण एक शब्द मी टिपला आहे. या कानांवर माझं पोट चालतं, आणि त्यांचा मला ताठा होता. तू ऐकायला बसलाच नाहीस. एक हात प्लेअरच्या लाकडावर सपाट ठेवून माझ्यासमोर उभा राहिलास.

तिन्ही झाले. मी डोळे उघडले आणि म्हणालो, "पहिला."

"न्हाई. तिसरा."

"अरे, तू ऐकलंस तरी का?"

"पहिला हाताला थरथरतोय. आजारी माग असाच लागतो हाताला. आणि तुझ्या कपाळाला पहिल्याच्या वेळी आठी होती बे. तिसऱ्याला गेली."

करीमभाई हसले. "तिसराच ले के जाव साब. इनका हाथ झूठ नै बोलता."

कान सोडून हातानं आणि दुसऱ्याच्या कपाळानं आवाज निवडणारा हा कोण उंटावरचा शहाणा, असं मी मनात म्हटलं. तू स्वतः विणलेल्या चादरीत तो प्लेअर गुंडाळलास, सायकलच्या कॅरिअरवर बांधलास आणि घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आलास. मी मागून गाठोड्यावर हात ठेवून चालत होतो. घरी आल्यावर सारंगी लावली. पाच मिनिटं झाली, दात गप्प होते. अर्धा तास झाला तरी गप्प होते. तू विचारलंस, "बरं वाटतंय का?" मी म्हणालो, "बघू."

दिवाळी झाल्यावर ॲम्प्लिफायर मिळाले. लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा एक जण आपली जुनी व्हॉल्वची, आत काचेचे दिवे असलेली यंत्रं काढून नवी ट्रान्झिस्टरची घेत होता, आणि आपण नवं काढून त्याची जुनी घेत होतो. दोघांनाही आपण समोरच्याला फसवलं असं वाटलं. दोन सारखी यंत्रं होती, एक डाव्या खोक्यासाठी, एक उजव्यासाठी, प्रत्येक पाट्यावरवंट्याच्या वजनाचं. ती जिना चढवताना तू मला तेलुगूत जे काय बोललास त्याचा अर्थ मी अजून कुणाला विचारलेला नाही. व्हॉल्व तापले, त्यांच्यावरच्या धुळीचा करपट वास आला, आतले दिवे नारिंगी झाले, आणि सारंगीचा वरचा सूर मला पहिल्यांदा सूर वाटला. तू दोन्ही खोक्यांवर दोन तळहात ठेवून उभा होतास आणि माझ्याकडे बघून हसत होतास.

त्या संध्याकाळी आपला दुसरा वाद सुरू झाला. मला वाटायचं, खोलीतला दिवा मालवावा, व्हॉल्वचा उजेड तेवढा असावा आणि ऐकावं. तू उठून दिवा लावायचास. मी मालवायचो, तू लावायचास. "अंधारात काय बसायचं? चोर हाय का आपण?" एक खुर्चीचा वाद, एक दिव्याचा. दोन्ही सुटले नाहीत.

पण ते रविवार, नरसय्या! माझ्या आयुष्यात दुसरं काही इतकं चांगलं झालेलं नाही, हे आज सांगतो. रेकॉर्ड उलटायच्या मधल्या वेळात तू कारखान्यातल्या गोष्टी सांगायचास. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून तुम्ही सगळे हातांनी आणि ओठांनी बोलता. अंगठा ओठाला लावला की चहा, डोक्यावर टोपीसारखा हात फिरवला की मालक आला. मालक रागावतो कसा आणि जॉबर, म्हणजे तुमचा मुकादम, त्याला उत्तर देतो कसा, हे तू आवाज न काढता नुसत्या ओठांनी करून दाखवायचास आणि हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. मला ती गंमत वाटायची. नुसती गंमत.

मग तो रविवार आला. कोर्टातल्या दोघांना मी ऐकायला बोलावलं होतं. मिरवायलाच बोलावलं होतं, लपवत नाही. त्यातल्या एकाला गाण्यातलं कळतं असं सगळे म्हणायचे. सारंगीचा संथ भाग चालला होता, दोघे डोळे मिटून बसले होते, मला धन्य वाटत होतं. आणि तू तिरक्या खुर्चीतून, कारखान्याच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडावं तसा म्हणालास, "गजा, चहा टाकू का बे?"

दोघांनी डोळे उघडले. एकानं दुसऱ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी तुझ्याकडे बघून, एकेक शब्द तोडून म्हणालो, "मागांवर राहून बहिरा झालायस. निदान आम्हाला तरी ऐकू दे."

गाण्यातलं कळणारा खुदकन हसला. तू हसला नाहीस. तू आधी माझ्या तोंडाकडे बघितलंस, मग डोळ्यांकडे. मग खुर्चीवरची चादर खांद्यावर टाकलीस, दाराशी चप्पल घातलीस आणि गेलास. सारंगी चालूच होती.

पुढचे तीन रविवार तू आला नाहीस. तुझं अशोक चौकातलं घर काही काशी नाही, वीस मिनिटांची वाट. पण माझं पाऊल उचललं नाही. मी खुर्ची सरळ केली, दिवा मालवला, रेकॉर्ड लावली. दोन्ही वाद मी जिंकलो होतो, आणि एक बाजूसुद्धा संपेपर्यंत मला बसवेना. अंबुबाईंच्या हातची भाकरी नाही, कुणाचा ओरडा नाही, जिन्यावर पावलं नाहीत. आवाज अगदी मऊ येत होता. त्या मऊ आवाजात मी रडकुंडीला आलो.

चौथ्या रविवारी तू आलास, जणू मधे काही घडलंच नाही असा. खिशातून काडेपेटी काढलीस. आत कापसात दोन सुया. "करीमभाईंनी दिल्यात. जुन्याच हायत, पण चांगल्या. लावून बघायच्या, एक ठेवायची, एक परत." शेवटची तेवढी सुईच बदलायची राहिली होती. मी काडेपेटी घेतली, पहिली सुई बसवली, आणि तुझ्याकडे पाठ करून रेकॉर्ड पुसायला लागलो.

आता बोलायला हवं होतं. तुझ्या तोंडाकडे बघून ते मला जमलं नसतं. म्हणून मी रेकॉर्डकडे बघत बोललो. "नरसय्या, चुकलं माझं. त्या लोकांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. तू येत नाहीस तर हे घर मला खायला उठतं. मला सोडून जाऊ नकोस." आईपुढंही मी कधी इतकं बोललो नव्हतो. डोळे भरले. रेकॉर्ड पुसून झाली तरी पुसत राहिलो, तू काहीतरी म्हणशील म्हणून. 'असू दे बे', एवढं तरी. मागून एक शब्द आला नाही. शेवटी मी सुई ठेवली आणि येऊन बसलो.

तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा उजळला. "हीच सुई! दुसरी लावूच नको. डोळ्याला पाणी आलंय की बे तुझ्या. ह्याच्यापेक्षा नरम आवाज काय असतोय?" आणि दुसरी सुई तू कापसातून काढलीच नाहीस. काडेपेटी तशीच परत खिशात टाकलीस.

मला वाटलं, तू विषय उडवून लावलास. मी हात जोडले आणि तू सुईचं बोललास. बरं, म्हटलं, नको देऊस माफी. आणि त्यानंतर दोन वर्षं, नरसय्या, दोन वर्षं मी ती अढी मनात ठेवली. तू दर रविवारी येत राहिलास, मी चहा देत राहिलो, पण हात राखून. तुझ्या थोरल्याच्या लग्नात मी जेवून लगेच निघालो, डोकं दुखतंय म्हणून. तुझ्या मांडवात मला थांबायचं नव्हतं. तू दाराशी येऊन विचारलंस, "काय झालंय बे तुला?" मी म्हणालो, "कुठं काय?" ताकाला तूर लागू दिली नाही. त्या वेळी तुझा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलं होतं, आणि बघून मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

मग तू गेलास.

दहाव्याला माणसं पांगल्यावर मी तुझ्या दाराशी उभा होतो. अंबुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "अण्णा, वर बघून बोला. ह्या घरात कुणी खाली बघून बोलत न्हाई, सवय न्हाई मला."

मी वर बघितलं. म्हटलं, "का?"

"का म्हंजे? त्यांना ऐकू कुटं यायचं? तोंड बघून कळायचं." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या सावरून बसल्या. "तुमाला ठाऊक न्हवतं? अण्णा, निम्मी गल्ली मागावरची हाय आमची. हितं कुणी कुणाला पाठीमागनं हाक मारत न्हाई. समोर यायचं, न्हाईतर खांद्याला हात लावायचा, मग बोलायचं. लहान लेकरांना बी म्हाईत असतंय."

"पण गाणं?" मी म्हणालो. "चार वर्षं दर रविवारी तो माझ्याकडे गाणं ऐकायला..."

"गाणं कुटलं! तबला तेवढा कळायचा, ते बी खोक्याला हात लावला तर. ते तुमचं तोंड बघायला यायचे. घरी येऊन सांगायचे, आज गजाचं कपाळ मोकळं होतं." मग पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "तुमाला सांगू नको म्हणाले. कळलं तर ऐकायला बोलवणार न्हाई तो, म्हणाले. मग रविवारी कुटं जायचं मी, म्हणाले."

तिथून मी चालत घरी आलो. वाटेत काही दिसलं नाही.

शब्द टिपण्याचा पगार घेणारा माणूस मी. तू तिरका का बसतोस, दिवा का लावतोस, हे चार वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही. तू सारखा माझ्या तोंडाकडे बघायचास, आणि मला वाटायचं, माझं बोलणं तुला फार मोलाचं वाटतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसशील, तर हस. पण पुढचं हसण्यासारखं नाही. 'बहिरा झालायस' हे मी तुझ्यासमोर, दिव्याच्या उजेडात, शब्द तोडून म्हणालो. ते तुला अक्षर न् अक्षर पोचलं. आणि माफी मी तुझ्याकडे पाठ करून मागितली. मी समजत होतो, मी मागितली आणि तू दिली नाहीस. खरं असं की मी मागितलीच नव्हती, आणि तू देऊन मोकळा झाला होतास. तीन रविवार वाट बघितलीस, मी येत नाही म्हटल्यावर स्वतःच जिना चढलास, खिशात माझ्यासाठी सुया घेऊन. आणि तुझ्या त्या मोठेपणाला मी दोन वर्षं गर्व समजत बसलो.

आता सेटचं शेवटचं. तुझ्यामागं पहिल्यांदा रेकॉर्ड लावली आणि दातांत कळ उठली. तोच चमचा, तेच स्टीलचं ताट. मला वाटलं, व्हॉल्व गेला. करीमभाईंना घरी बोलावलं. त्यांनी सगळं उघडून बघितलं, सगळं ठीक होतं. मग डोळ्याला भिंग लावून सुई बघितली आणि भिंग काढून माझ्याकडे वळले.

"साब, ये सुई तो लगाये तबीच घिसेली थी. दो में की अच्छी वाली नरसय्याभाई वापस करे. मैं बोला बी उनको, गलत वाली रखे तुम. तो बोले, नै करीमभाई, इसी पे मेरा दोस्त रोया. येइच रहने देव."

दोन वर्षं मी त्या झिजलेल्या सुईवर ऐकत होतो आणि मला आवाज नरम वाटत होता. एवढा कानांचा ताठा मिरवणारा मी. करीमभाई म्हणाले, दुसरी आणून देतो, नाहीतर रेकॉर्डी खराब होतील. मी म्हटलं, होऊ देत. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि जाताना तुझ्या खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

काल रविवार होता. तुझी खुर्ची मी हलवली नाही, माझीच वळवून तिच्यासमोर ठेवली. बाहेर अजून उजेड होता, तरी दिवा लावला, माझ्या तोंडावर पडेल असा. सारंगी लावली. टोचत होती, टोचू दिली. मग तू मालकाचं सोंग करताना करायचास तसे, आवाज न काढता, सावकाश ओठ हलवत मी तुझ्या खुर्चीकडे बघून म्हणालो, नरसय्या, चुकलं माझं. त्या लोकांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. मला सोडून जाऊ नकोस, हे म्हणायची वेळ आता गेली होती, पण तेही म्हणालो. सगळं म्हणालो, एक शब्द गाळला नाही.

आणि मग रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत, त्या दिवशी बघितली तशी, तू काही म्हणतोस का याची वाट बघत बसलो. तू काही म्हणाला नाहीस. या वेळी मला तुझा राग आला नाही.